बंद कारखान्यावर माहितीपट करताना

प्रश्न : नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतला एक कारखाना बंद पडल्यावर आसपासच्या कामगार वस्तीचं काय झालं, यावर आम्ही अर्ध्या तासाचा माहितीपट करतोय. मुलाखतीत सगळे ‘अन्याय झाला’ एवढंच बोलतात, शिवाय आवाज घुमतो. काय करावं?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : गेटाचं कुलूप एकदा दाखवलं की पुरे. पगार कुठे कुठे जायचा, त्या वाटेनं कॅमेरा न्या : शिफ्ट सुटताना भरणारी टपरी, खानावळ, भिशी, पतसंस्थेचा हप्ता. किराणा दुकानातली उधारीची वही तर हवीच. पगाराच्या आठवड्यात जमा होणाऱ्या रकमा कधीपासून आटल्या, ते पानावर दिसतं. नावं मात्र झाका.

‘कसं वाटतं?’ असं विचारलं की ‘अन्याय झाला’ हेच उत्तर येणार. ‘कोणत्या मशीनवर होतात? जॉब (म्हणजे मशीनवर घडवायचा भाग) कसा लावायचा?’ असं विचारा. लेथवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाचे हात बोलता बोलता चक (जॉब पकडणारी पकड) आवळू लागतात. तेव्हा चेहरा सोडून हातांवर या. घरातल्या बाईंशी वेगळं बोला. दागिने गहाण पडल्याचं चारचौघांत कुणी सांगत नाही.

देणी थकली असतील तर हिशेब पडद्यावर मांडा. ग्रॅच्युइटीसाठी नोव्हेंबर 2025 पर्यंत शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता धरत; महिना 26 दिवसांचा आणि नोकरीच्या दर वर्षाला 15 दिवसांचा पगार. तो 18,200 रुपये आणि नोकरी 22 वर्षं असेल, तर 18,200 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 22, म्हणजे 2,31,000 रुपये. शेजारी प्रत्यक्ष मिळालेली रक्कम लिहा. दावा चालू असेल तर हा भाग कामगाराच्या वकिलाला आधी दाखवून घ्या.

पत्र्याच्या खोलीत आवाज घुमणारच. कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूंना गोधड्या टांगा, पंखा-फ्रिज बंद करा. (गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही.) कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली, रेकॉर्डिंगची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास. शेवटी 30 सेकंद सगळ्यांना गप्प बसवून नुसता खोलीचा आवाज घ्या. संकलनात तुकडे जोडताना तोच उपयोगी पडतो. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवा.

आवारात शिरायला मालकाची, कंपनी अवसायनात (गुंडाळली जात) असेल तर ते काम पाहणाऱ्या लिक्विडेटरची लेखी परवानगी लागते. ड्रोनचं म्हणाल तर देवळालीचा लष्करी भाग आणि ओझरचा विमानतळ ध्यानात घेऊन ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-नकाशा आधी पाहा.