स्कॅनची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो, काय करू?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. चौथ्या स्टेजचा कॅन्सर, गोळ्या चालू, सध्या आटोक्यात, दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन, आणि त्याआधीचे पंधरा दिवस झोपेचं खोबरं. घरचे म्हणतात पॉझिटिव्ह राहा. पेशंट मान डोलावतो आणि रात्री दोनला उठून गूगल करतो.

अशाच एक काकू (ओळखू येईल ते सगळं बदललंय), अठ्ठावन्न वर्षांच्या, स्तनाचा कॅन्सर मणक्यात गेलेला. बोलता बोलता त्यांचा अंगठा सारखा कमरेवर जायचा, दाबून बघायच्या. "काल इथं दुखत होतं, आज जरा वर, म्हणजे वाढला असेल का हो?" दिवसातून कितीदा बघता विचारलं तर म्हणाल्या, मोजलं नाही, पण गाऊन विरलाय तिथं.

पहिल्या तीन-चार भेटी मीही वायाच घालवल्या, दीर्घ श्वास घ्या, मन रमवा वगैरे. मग ठरवलं, 'वाढला तर?' ला टाळायचं नाही, उत्तरच काढू.

"समजा वाढला. मग?"
"गोळी बदलतील."
"ती पण नाही चालली तर?"
"मग केमो, सलाईनमधून."
"मग?"
बराच वेळ गप्प. अंगठा थांबला. "मग काय, आत्यासारखं ओरडायचं."

आत्या 1991 साली कॅन्सरने गेली. महिनाभर माजघरात ओरडत होती, शेजारचे रेडिओ मोठा करायचे. काकूंनी हे नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे एवढे दिवस मी मरणाच्या भीतीवर बोलत होते आणि बाई घाबरली होती त्या ओरडण्याला! खरं सांगते, अंगावर काटा आला, आणि थोडं स्वतःचं कौतुकही वाटलं.

माझा कल पहिल्यापासून अस्तित्ववादी विचाराकडे, म्हणजे मरणासारख्या प्रश्नांना टाळायचं नाही, थेट भिडायचं. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात यालोम आणि स्पीगल हे मानसोपचारतज्ज्ञ कॅन्सर पसरलेल्या बायकांचे गट घ्यायचे, मरणाबद्दल थेट बोलायचे. बायका खचल्या नाहीत, उलट त्यांची घालमेल कमी झाली.

आत्याच्या वेळी तर 1985च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) मिळणं महाकठीण झालं होतं, तो कायदा सुधारला 2014 मध्ये. आजही ते सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून आधीच विचारून ठेवायचं. काकूंना कागदावर लिहून न्यायला लावलं: दुखलं तर काय देणार, घरी देता येईल का, रात्री फोन कुणाला करायचा. डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह टीमशी, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या टीमशी, गाठ घालून दिली (ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते हा गैरसमज काढून टाका बरं).

आणि घरच्यांनो, "काही होत नाही" म्हणू नका, पेशंटला ते खोटं आहे हे तुमच्याआधी कळतं. नेमकी कशाची भीती वाटते विचारा आणि मग गप्प बसा, गप्प बसणंच अवघड असतं.

पुढच्या स्कॅनला नवीन ठिपका आला. काकूंचा फोन, मागे भडंगाची फोडणी तडतडतेय. "दुपारभर रडले. गोळी बदललीय. गुरुवारी येते, तुमचा डबा आणू का?"