घर-व्यवहार : कर्जात अडकलेल्या घराला भाव किती सांगायचा?

या महिन्यात निवडलेल्या तिन्ही पत्रांचा विषय एकच आहे. घरमालक कर्ज फेडू शकत नाही, घर विकायला काढलंय, आणि विकत घेणाऱ्याला नेमका आकडा ठरवता येत नाही. एक घर अमेरिकेत आहे, दोन आपल्या बडोद्यात.

प्रश्न : आमचा मुलगा न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. तिथे १९५०च्या दशकातलं एक घर ‘शॉर्ट सेल’मध्ये निघालंय. जाहिरातीत किंमत ५ लाख २० हजार डॉलर आहे, मालकावर कर्ज ६ लाख ३० हजारांचं. बँकेला पैसे हवेच आहेत, चार लाख सांग, असं त्याचे मित्र म्हणतात. काय करावं? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : चार लाखांचा प्रस्ताव बहुधा नाकारला जाईल, आणि ते कळायलाही काही आठवडे लागतील.

शॉर्ट सेलमध्ये घराच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त असतं आणि कमी रकमेवर गहाण सोडायला बँक तयार होते. करारावर सही मालकाची, पण शेवटचा शब्द बँकेचा. जाहिरातीतली किंमत पुष्कळदा एजंटानेच ठरवलेली असते, बँकेने ती पाहिलेलीही नसते. म्हणून मुलाने एजंटाला आधी हे विचारावं : या किमतीला बँकेची लेखी मंजुरी आहे का, की कागद अजून तिच्याकडे गेलेच नाहीत?

६ लाख ३० हजार हा आकडा डोक्यातून काढून टाका. कर्ज किती आहे यावरून घराचा भाव ठरत नाही. बँक स्वतःच्या वतीने एखाद्या ब्रोकरकडून किंवा मूल्यांककाकडून घराची किंमत काढून घेते आणि दोन रकमा शेजारी ठेवते : आज विकून हातात काय पडेल, आणि जप्ती करून पुढे कधीतरी विकलं तर काय पडेल.

हा हिशेब मुलाने स्वतः मांडावा. मागच्या तीन ते सहा महिन्यांत जवळपास खरोखर विकल्या गेलेल्या, तेवढ्याच आकाराच्या घरांचे भाव काढावेत. जाहिरातीतले भाव यात धरू नयेत. समजा, आहे त्या अवस्थेत घराची किंमत ५ लाख २० हजारच निघाली. त्यातून एजंटांचं कमिशन ५ टक्के म्हणजे २६ हजार, आणि हस्तांतरण शुल्क, थकलेला कर वगैरे मिळून १४ हजार वजा केले, तर बँकेला ४ लाख ८० हजार मिळतात. जप्तीचा रस्ता धरला तर? न्यू जर्सीत जप्ती कोर्टातूनच होते आणि ती लांबते. तोवरचा कर, विमा, वकील, रिकाम्या घराची देखभाल, सगळं बँकेच्या अंगावर. पुढे घर ४ लाख ७० हजारांना गेलं आणि खर्च ६० हजार झाला, तर उरले ४ लाख १० हजार. मित्रांच्या चार लाखांतून कमिशन आणि खर्च जाऊन बँकेच्या हाती ३ लाख ६६ हजार पडतात. जप्तीतून याहून जास्त मिळत असेल तर बँक हो का म्हणेल? ४ लाख ७५ हजार सांगितले तर तिला सुमारे ४ लाख ३७ हजार मिळतात. इथे बोलणं सुरू होऊ शकतं.

कर्ज कोणत्या प्रकारचं आहे हेही विचारून घ्यावं. एफएचएचा (अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज-विमा संस्थेचा) विमा असलेल्या कर्जात ठरीव चौकट असते : विक्रीला काढल्यापासून पहिल्या ३० दिवसांत मूल्यांकनाच्या ८८ टक्के रक्कम खर्च वजा जाता हाती यावी लागते, पुढच्या ३० दिवसांत ८६ टक्के, त्यानंतर ८४. वरच्याच आकड्यांत पाहिलं तर पहिल्या महिन्यात सुमारे ४ लाख ९७ हजार सांगावे लागतील, दोन महिन्यांनंतर ४ लाख ७५ हजारांत भागेल. मूल्यांकन कधी झालं आणि घर कधीपासून विक्रीला आहे, या दोन तारखा कळल्या की पुष्कळसा अंदाज येतो.

आता दुरुस्ती. बँक एक खिळाही ठोकून देत नाही, घर आहे तसं घ्यायचं. पण दुरुस्तीचा खर्च पुराव्यासह दाखवला तर ती ऐकते, कारण तिच्या ब्रोकरने घर कधीकधी बाहेरूनच पाहिलेलं असतं. फोटो आणि कंत्राटदाराचं लेखी अंदाजपत्रक प्रस्तावाला जोडावं. नुसतं ‘घर जुनं आहे’ म्हणून भागत नाही.

थंडीत बंद पडलेल्या घरात दोन गोष्टी हमखास तपासायच्या. पहिली, नळ. आत पाणी राहिलं आणि हीटर बंद असला, की पाइपातलं पाणी गोठून फुगतं आणि पाइप फाटतात. पाणी बंद असेपर्यंत हे दिसत नाही, म्हणून तपासणीच्या दिवशी पाणी सुरू करून दाब बघण्याची अट आधीच लिहून घ्यावी. दुसरी, जमिनीत पुरलेली तेलाची टाकी. त्या काळातली पुष्कळ घरं तेलावर तापवली जात. टाकी गळली असेल तर आसपासची माती काढून साफ करण्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो. टाकी शोधायची तपासणी त्या मानाने स्वस्तात होते. ती केल्याशिवाय आकडा पक्का करू नये.

घरावर दुसरं कर्ज असेल तर व्यवहार तिथेच अडतो. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या कर्जांत दुसऱ्या क्रमांकाच्या सावकारांना मिळून ६ हजार डॉलरपर्यंतच देता येतात, आणि त्यावर ते राजी झाले नाहीत तर विक्री होत नाही. कोणी ‘वरचे थोडे बाहेरून द्या’ म्हटलं तर मुलाने उठून यावं. हिशेबाच्या कागदावर नसलेला प्रत्येक डॉलर तिथे फसवणुकीत मोडतो. मालकाशी नातं नाही, असं शपथेवर लिहून द्यावं लागतं, आणि लवकर पुन्हा विकण्यावरही बंधन येऊ शकतं.

फॅनी-फ्रेडीच्या कर्जांत कागद पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत, उशीर झाला तर ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. इतर सावकारांना याहून जास्त वेळ लागू शकतो. त्यामुळे तपासणीची आणि कर्जाची मुदत बँकेची लेखी मंजुरी आल्या दिवसापासून मोजायची, हे करारात हवं. व्याजदर आधीच बांधून घेऊ नये आणि बयाणा लहान ठेवावा. घर टेक्सासमध्ये असतं तर आम्ही थोडं वरून सुरुवात करायला सांगितलं असतं. तिथे कोर्टाशिवाय जप्ती होते आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव, त्यामुळे बँकेला शॉर्ट सेलची तेवढी गरज नसते.

प्रश्न : गोत्रीत दोन बेडरूमचा फ्लॅट बघितला. बिल्डिंगमध्ये भाव ४० लाखांच्या आसपास आहे. मालकाचं बँकेचं देणं व्याजासकट ४६ लाख झालंय आणि ६० दिवसांची नोटीस आली आहे. मालक म्हणतात, बँक कमीत सेटलमेंट करेल, तुम्ही दोन लाख टोकन द्या. किती सांगावं? (एक वाचक, वासणा रोड)

उत्तर : टोकन मालकाच्या हातात देऊ नका. बाकीचं नंतर.

ही सरफेसी कायद्याची, म्हणजे गहाण घर ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याची, पहिली नोटीस आहे. तिची मुदत संपली की बँक ताबा घेते आणि पुढे लिलावाची जाहिरात काढते. ही जाहिरात तुमच्यासाठी महत्त्वाची आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२३च्या निकालानंतर स्पष्टच झालंय, की जाहिरात प्रसिद्ध झाली की कर्ज फेडून घर सोडवण्याचा मालकाचा हक्क संपतो. म्हणून मालकाशी बोलणी करायची तर जाहिरातीआधी. ती निघाली आहे की नाही, हे मालकाच्या तोंडून न ऐकता शाखेत जाऊन विचारा.

बँकेच्या मूल्यांकन अहवालात सहसा तीन आकडे असतात : बाजारभाव, विकता येण्याजोगा भाव आणि घाईत विकला तरचा भाव. शेवटचा बहुधा बाजारभावाच्या ८० टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्या फ्लॅटला ३२ लाख. त्याखाली सेटलमेंट मंजूर होणं अवघड, कारण लिलावात तेवढे तरी येतील, असं बँक धरून चालते.

तुमची वरची मर्यादा तुम्ही काढा. ४० लाख हा भाव कुठून आला? सब-रजिस्ट्रार कार्यालयातून त्याच बिल्डिंगच्या मागच्या वर्षभरातल्या दस्तावेजांचे इंडेक्स-२ काढले तर खरे व्यवहार दिसतात. समजा, ४० बरोबर आहे. दुरुस्ती अडीच लाख, सोसायटीचा थकलेला मेंटेनन्स ६० हजार, सेवासदनाचा (महापालिकेचा) घरवेरा म्हणजे घरपट्टी २५ हजार, लाइट आणि गॅसची बिलं १५ हजार, हे झाले साडेतीन लाख. मंजुरी अडकण्याच्या जोखमीपोटी आम्ही आणखी दोन लाख वजा करू. उरले साडेचौतीस. सुरुवात ३३ पासून करा आणि साडेचौतीसच्या वर जाऊ नका. थकबाकीचे आकडे सोसायटीच्या सेक्रेटरीकडून आणि बिलांवरूनच घ्या.

स्वस्त मिळण्यालाही खालची सीमा आहे, ती जंत्रीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाची. जंत्री आणि किंमत यांत जे जास्त, त्यावर स्टॅम्प ड्यूटी लागते. शिवाय जंत्री तुमच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाली, तर मधला सगळा फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. साडेचौतीस लाखांना घेतलेल्या फ्लॅटची जंत्री ३७ लाख असेल तर काही नाही, ३९ असेल तर साडेचार लाखांवर कर. १५ एप्रिल २०२३ला जंत्रीचे दर वाढले आहेत, जुन्या आकड्यावर विसंबू नका.

पैसे द्यायची पद्धत अशी. मालकाने सेटलमेंटचा अर्ज करायचा. बँकेच्या मंजुरीपत्रात रक्कम, शेवटची तारीख आणि ‘ही रक्कम मिळाल्यावर गहाण सोडू’ असं वाक्य हवं. मग बँकेच्या संमतीने बानाखत (विक्रीचा करार) करा आणि प्रत्येक रुपया थेट कर्जखात्यात भरा. मूळ कागद बँकेकडे काय काय आहेत, त्याची यादी आधी घ्या. बीयू परमिशन (इमारत वापरायचा परवाना) त्यात नसेल तर तुमची स्वतःची बँक लोन देताना अडवेल. सरसाईच्या (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदीत दुसरं कर्ज दिसतंय का, तेही नाममात्र शुल्कात बघता येतं. खातं बंद झाल्यावर ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे असतात. तिच्यामुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जदाराला दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. घर अशांत धारा (दंगलग्रस्त भागातल्या घरविक्रीवर बंधन घालणारा गुजरातचा कायदा) लागू असलेल्या भागात असेल, तर दस्तावेजाआधी कलेक्टरची परवानगी लागते. तो वेळ सेटलमेंटच्या तारखेत बसतो का, हे आधीच बघा. नाही बसला तर मंजुरी संपते आणि ४६ लाखांचं देणं पुन्हा उभं राहतं.

एक गोष्ट मालकाला समजावून सांगा. सेटलमेंट केली की त्यांच्या सिबिलमध्ये कर्ज ‘सेटल्ड’ असं दिसतं, ‘क्लोज्ड’ नाही. हे उशिरा कळलं तर माणूस ऐनवेळी मागे फिरतो, आणि तो तसा फिरला तर त्यात त्याची चूक नाही.

प्रश्न : समा भागातलं एक टेनामेंट (छोटं स्वतंत्र घर) बँकेच्या ई-लिलावात आहे. राखीव किंमत ५२ लाख, गल्लीत भाव ६० लाख. ताबा ‘सांकेतिक’ लिहिलाय. किती बोली लावावी? (एक वाचक, निझामपुरा)

उत्तर : सांकेतिक ताबा म्हणजे घरात अजून कोणीतरी राहतंय. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं, आणि कर्जदार अहमदाबादच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) गेला असेल तर आणखी लांबतं. नऊ महिने धरा. ५२ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी नऊ महिन्यांचं व्याज सुमारे ३ लाख ३० हजार. दुरुस्ती ४ लाख, थकबाकी १ लाख. साठातून हे वजा केले की ५१ लाख ७० हजार उरतात, म्हणजे राखीव किमतीच्याही खाली. या फेरीत बोली लावू नका. कोणी आलं नाही तर पुढचा लिलाव १५ दिवसांच्या नोटिशीवर होऊ शकतो आणि राखीव किंमत पुष्कळदा उतरते.

समा भागात विश्वामित्रीचं पाणी शिरतं. तुमच्या घरात २०२४च्या ऑगस्टमध्ये किती आलं होतं, हे बघितल्याशिवाय दुरुस्तीचे ४ लाख खरे मानू नका. आत जाता येत नसेल तरी बाहेरून कळतं : मीटरच्या पेटीमागच्या भिंतीवरची आडवी रेघ, ओट्याखाली फुगलेला प्लास्टर, लोखंडी गेटच्या खालच्या फुटा-दोन फुटांवरचा वेगळा गंज. शेजाऱ्यांना विचारा, ते हात लावून उंची दाखवतील.

पुढच्या फेरीत उतरलात, तर सहसा राखीव किमतीच्या १० टक्के अनामत आधी भरायची असते. बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी एकूण २५ टक्के, आणि विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत बाकी सगळी रक्कम. बँक लेखी मान्य करेल तर ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या वर नाही. रक्कम चुकली तर भरलेले पंचवीसच्या पंचवीस टक्के जप्त होतात, आणि सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये तेही योग्य ठरवलंय. होम लोनची मंजुरी हातात नसेल तर अनामत भरू नका.

किंमत ५० लाख किंवा वर गेली तर १ टक्का टीडीएस तुम्हाला कापायचा आहे. तो कोणाच्या पॅनवर भरायचा, हे बँकेकडून लेखी घ्या. स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी १ टक्का कोणतंही घर घेतलं तरी लागणारच, म्हणून ती बोलीतून वजा करायची नाही, फक्त पैशांची सोय करून ठेवायची. घर फक्त बायकांच्या नावावर घेतलंत तर नोंदणीचा तो १ टक्का माफ होतो. ५० लाखांच्या घराला ५० हजार वाचतात, पण पतीचं नाव जोडलं की ही सवलत जाते.