वाचक विचारतात : वाचनालयाची बातमी गावापर्यंत कशी पोहोचवावी?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात 'ड' वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे. गेल्या पावसाळ्यात कवेलूंतून पाणी गळून दोन कपाटांतील पुस्तके भिजली. वर्गणी मागायला गेल्यास "तुम्हाला सरकारचे अनुदान मिळते ना?" असे ऐकावे लागते. पुस्तकांची मदत मागितली, तर जुनी गाइडे येतात. काय करावे?
– वाचनालयाचा एक कार्यकर्ता

उत्तर : लोकांची शंका रास्त आहे, तिचे उत्तर आपण आजवर आकड्यांत दिलेले नाही, एवढेच. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असतात, त्यांत आपला वर्ग शेवटचा आणि त्याचे अनुदानही सर्वांत कमी. ते हप्त्यांनी येते, आणि ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रांचे बिल व थोडी ग्रंथखरेदी झाल्यावर कवेलू फेरण्यापुरते त्यातून काही उरत नसावे. हाच हिशेब एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, किती आले, कशावर गेले आणि छपराला किती कमी पडते, असा वाचनालयाच्या दाराशी लावावा. आत लावल्यास तो सभासदच वाचतील, आणि त्यांना तो बहुधा ठाऊक असतो.

मागण्याची वेळही महत्त्वाची आहे. पेरणीच्या तोंडावर, बियाणे आणि खतांत हात अडकलेला असताना शेतकऱ्याच्या दारी पावतीपुस्तक घेऊन जाऊ नये. कापसाचा चुकारा हाती येऊ लागला की जावे, आणि "मदत करा" एवढेच न म्हणता "अमुक कवेलू, तमुक मजुरी" असे सांगावे. पैसे नसणारा माणूस एक दिवस छपरावर चढायला येईल. त्याचे नावही देणगीदारांच्या फलकावर तेवढ्याच अक्षरांत लिहावे. आपल्याकडे हे सहसा राहून जाते. इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजना आहेत. त्यांची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जरूर करावी, मात्र त्या भरवशावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नये.

बातमीसाठी व्हॉट्सॲपचा गट पुरेसा नाही, कारण त्यावर वाचनालयाची सूचना शुभप्रभातच्या चित्रांखाली गाडली जाते. बाजाराच्या दिवशी वर्तमानपत्रांची फळी ओट्यावर आणावी आणि शेजारी फळ्यावर आठवड्याची एकच बातमी लिहावी : नवे पुस्तक आले, किंवा अभ्यासिकेतील मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली. ही दुसरी बातमी, ती खरी असेल तेव्हा आणि तिची संमती घेऊन, अवश्य लिहावी; वर्गणीला नकार देणारा बापही ती थांबून वाचतो.

गाइडांबाबत संकोच नको. अभ्यासक्रम बदललेली पुस्तके नम्रपणे परत करावीत आणि त्याच वेळी हव्या असलेल्या दहा पुस्तकांची किमतींसह यादी देणाऱ्याच्या हाती ठेवावी.