स्वर्ग हवाय, पण इतक्यात नको

प्रिय बेटा, सलाम.

तुझा मेसेज वाचला. स्वर्गाचं नाव काढलं की काहीच वाटत नाही, उलट तिथे कधीच न संपणारी उपासना असेल याची धास्ती वाटते, मग माझा विश्वास खोटा आहे का, आणि ख्रिस्ती लोकांना स्वर्ग खरंच हवाय का, असं विचारलंस. अगं, आपल्या चर्चच्या मंडळीत कुणालाही विचार स्वर्गात जायचंय का, सगळे हात वर करतील, आणि आज रात्रीच निघायचंय म्हटलं की कुणाला मुलीचं लग्न आठवेल, कुणाला फ्लॅटचा हप्ता, कुणाला मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्यात काही पाप नाही हां. मरावंसं न वाटणं वेगळं आणि स्वर्ग नको असणं वेगळं. पकडून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेसुद्धा हा दुःखाचा प्याला टळो अशीच प्रार्थना केली, आणि प्रेषित पौल तर तुरुंगातून फिलिप्पै शहरातल्या मंडळीला सरळ लिहितो की मी पेचात पडलोय, ख्रिस्ताजवळ जाणं फार चांगलं, पण तुमच्यासाठी इथे राहणं जास्त गरजेचं.

आणि ती न संपणारी उपासना, ती कुठून आली तुझ्या डोक्यात? (आपले काही उपदेशक बघता अंदाज आहे मला.) बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, 21 वा अध्याय वाच. तिथे आपण ढगांवर जाऊन बसत नाही, नगरी खाली उतरते आणि देव माणसांत राहायला येतो. ते लिहिणारा योहान म्हणतो, त्या नगरीत मला मंदिर दिसलंच नाही, वेशी कधी बंद होत नाहीत, राष्ट्रांचं वैभव आत आणलं जातं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 65 व्या अध्यायात, नव्या पृथ्वीवर लोक घरं बांधतात, द्राक्षमळे लावतात आणि त्यांचं फळ स्वतः खातात. उपासनेत म्हणायच्या विश्वासांगीकारात आपण "शरीराचे पुनरुत्थान" असं म्हणतोच की, पण गाडी पकडायची असल्यासारखं.

स्वर्गाच्या तयारीचं म्हणशील तर यूट्यूबवरचे ते प्रभू अमुक दिवशी येणार सांगणारे तारखावाले व्हिडिओ आधी बंद कर. 2011 मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड कॅम्पिंग नावाच्या रेडिओवरच्या उपदेशकाने 21 मे ही तारीख दिली, काही लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेले पैसे जाहिरातीत घातले, काही झालं नाही म्हणून तारीख 21 ऑक्टोबरवर ढकलली, तेव्हाही काही झालं नाही. पौलाच्या काळी थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत पण प्रभूच्या परत येण्याच्या दिवसाची हवा होती आणि काही जण कामधंदा सोडून बसले होते, त्यांना पौलाने सुनावलं की ज्याला काम करायचं नाही त्याने जेवूही नये. येशूच्या, नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यात तर दहाही जणी झोपतात, शहाण्या पाच पण! म्हणजे डोळे ताणून आकाशाकडे बघत बसणं ही तयारी नव्हेच. पंडिता रमाबाई घे, सार्वकालिक जीवनावर एवढा विश्वास ठेवणारी बाई, पण दुष्काळातल्या मुली केडगावला आणून सांभाळल्या, त्यांना शिकवलं, हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचा मराठी तरजुमा केला, आणि 1921 मध्ये पोटची मुलगी मनोरमा गेली तरी 1922 मध्ये स्वतः जाईपर्यंत हात थांबला नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त अडतं ते एका वचनापाशी. मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय 8, ओवी 11. येशू म्हणतो, पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून पुष्कळ लोक येतील आणि स्वर्गाच्या राज्यात अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या पंक्तीला बसतील. पंगत म्हटली की शेजारी कोण हे आलंच, आणि ते आपण ठरवत नाही. आता आपलं बघ. ट्रस्टच्या जमिनीवरून मंडळीत दोन गट पडलेत, एक डावीकडच्या बाकांवर, दुसरा उजवीकडे. परवा एका म्हाताऱ्या बाईंच्या मातीला दोन्हीकडचे आले, स्वर्गाचं गीत सगळ्यांनी घसा ताणून म्हटलं, मूठमाती टाकायची वेळ आली तेव्हा दोन्ही गटांतले दोघे पंच समोरासमोर आले आणि एकाने तोंड फिरवलं, मूठ तशीच धरून उभा राहिला समोरचा जाईपर्यंत. प्रभुभोजनाच्या रांगेतही तेच, शेजारी कोण येतोय बघून माणसं दोन पावलं मागे सरकतात.

आणि जात. बाप्तिस्मा घेऊन चार पिढ्या झालेल्या घरातही स्थळ आलं की हळूच विचारतात, मूळचे कोण तुम्ही? म्हणजे ज्या पंगतीला बसायची आपण आशा धरतो तीच पंगत इथे नको असते. अशा माणसाला उद्या वेशीच्या आत नेऊन बसवलं तर त्याला तिथे करमेल का, सांग. तू विचारलंस की ख्रिस्ती लोकांना स्वर्ग खरंच हवाय का. माझं मत विचारशील तर जागा हवीय, सोबत नकोय, आणि येशूची सोबत हवी म्हणतो तेव्हा तो ज्यांच्याबरोबर जेवतो ते त्या काळी पापी समजले जाणारे जकातदार बिकातदार त्यात धरत नाही आपण. मनात ओढ दाटून येत नाही म्हणून घाबरू नकोस, ती येते-जाते, माझीही. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याकडे जा, वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट कर असं प्रभूने सांगितलंय ते अगदी शब्दशः घे. चहा प्यायला तरी जा.

तुझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली असं आई म्हणाली. बायोडेटात पूर्वीच्या जातीची ओळ घातलीय का ते बघ, आणि घातली असेल तर पप्पांशी बोल. भडकले तर माझं नाव सांग, मी येतो रविवारी उपासनेनंतर.