आजोबांची १९५०च्या दशकातली रॅले सायकल पाच हजारांत पुन्हा चालू करता येईल का? जुना रंग काढून पावडर कोटिंग करून घ्यावं का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही, मुळीच नाही. का नाही हे सांगताना मी जरा वाहवत जाईन, कारण याच विषयावरून आमच्या घरात चवथीची जेवणं कडू झाली आहेत.

तुम्ही लिहिलंय की सायकल गोव्यात, डिचोलीच्या जुन्या घरी शेडमध्ये आहे, दांड्याचे ब्रेक, मागच्या हबात तीन गिअर, पायडल जाम, रंगावर रंग चढलेले. माझ्या बाबांची सायकल माशेलला पडवीत अगदी अशीच उभी होती. बाबा मराठी शाळेत मास्तर. शाळा नदीपलीकडे, त्यामुळे सायकल फेरीबोटीत घालायची आणि पलीकडे उतरून चढण मारायची. तीन गिअरचे पैसे त्या चढणीने वसूल केले, असं ते सांगायचे.

आधी रॉकेलच्या फडक्याने मागचा हब पुसून घ्या. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल. हब स्टर्मी-आर्चर कंपनीचा असेल तर त्यावर 'एडब्ल्यू' आणि शेजारी वर्ष-महिन्याचे आकडे कोरलेले दिसतील. आमच्या हबवर ५७ आणि ३ निघाले, म्हणजे मार्च १९५७. चाक मध्ये कधी बदललेलं असेल तर या आकड्याला अर्थ नाही, पण बहुतेक घरांत कोणी बदललेलं नसतं. १९५५च्या भारताच्या नाकेबंदीनंतर पोर्तुगीज गोव्यात बाहेरचा माल यायचा तो मुरगाव बंदरातून, आणि त्यात इंग्लिश सायकलीही असायच्या. मुक्तीनंतर तो ओघ आटला. सीमेपलीकडे तेव्हा आसनसोलला बनलेल्या सेन-रॅले धावत होत्या. म्हणून हँडलखालची पाटी नीट वाचा. बगळ्याचं डोकं आणि नॉटिंगहॅम असं काही दिसलं तर तुमची सायकल विलायतेची. हे नुसतं मिरवायला नाही, पुढे आट्यांच्या वेळी कामाला येतं.

आता रंग. माझा थोरला चुलतभाऊ, दादा, त्याचं म्हणणं असं की जुनी वस्तू ठेवायची तर ती चकचकीत दिसली पाहिजे, नाहीतर भंगारात घाला. त्याच्याकडे काकीची लेडीज हर्क्युलिस होती. टायर तेवढे गेलेले, बाकी चालू. ती त्याने एका वर्कशॉपला पावडर कोटिंगला दिली. तिथे गेटं आणि खिडक्यांचे गज करतात, त्यांच्या लेखी सायकल म्हणजे लहान गेट. सँडब्लास्टिंगमध्ये काळा रंग, रेघा, चेनकव्हरवरचं नाव, सगळं उडालं. पुढची पाटी काढून बाजूला ठेवली होती म्हणे, ती परत आलीच नाही. फ्रेमचा नंबर पिवळ्या थराखाली गडप. सगळ्यात वाईट म्हणजे बीबीचे, म्हणजे पायडलांचा अक्ष जिथे फिरतो त्या फ्रेमच्या खालच्या आडव्या नळीचे आटे कोणी झाकले नव्हते. पावडर आट्यांत शिरली आणि भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजून पक्की बसली. मग छर्ऱ्यांच्या वाट्या, म्हणजे कप, आत जाईनात. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करता आले असते, पण तोवर दादाचा उत्साह संपला होता. आता ती पिवळी सायकल त्याच्या होमस्टेच्या दारात उभी आहे, कॅरिअरवर बोगनवेलीची कुंडी. पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढतात आणि दादा ते फोटो मला पाठवतो. फोंतायनशपासून आसगावपर्यंत असल्या सायकली दारोदार दिसतात. पाय टाकून चालवता येत नसेल तर त्या सायकलीसाठी पाच हजार काय, पाच रुपयेही घालू नका.

दादाचा डोळा आमच्या रॅलेवरही होता. "दे, एकदम नवी करून आणतो." मी दिली नाही. आमच्या सायकलला बाबांनीच हिरवा रंग फासलेला होता. चवथीला खिडक्या रंगवल्या की डब्यात उरलेला ऑइलपेंट सायकलला, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. पण खालचा कंपनीचा काळा रंग भट्टीत भाजलेला असतो, ब्रशने मारलेल्या ऑइलपेंटपेक्षा बराच कडक. त्यामुळे वरचा काढून खालचा वाचवता येतो. फडकं थिनरने ओलसर करायचं, ओलंचिंब नाही, आणि आधी बीबीच्या खालच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे घासून बघायचं. फडक्याला काळा लागला तर थांबा. नाही लागला तर बोटभर जागा धरून पुढे सरका. अक्षरं किंवा चिन्हं असतील तिथे थिनर अजिबात नको, ती पुसली जातात. तिथे रबिंग कंपाउंड आणि चिकाटी. सीटखालच्या नळीवर हिरव्यातून पहिली सोनेरी रेघ वर आली तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवली. दोऱ्याएवढी बारीक, हाताने ओढलेली, एका ठिकाणी किंचित जाड. ब्रश उचलण्याआधी कारागिराचा हात तिथे क्षणभर टेकला असणार. दादाने ती पाहिली आणि म्हणाला, "अर्धी तर पुसट आहे." वाद तिथून पुन्हा सुरू.

गंजासाठी महागडी बाटली घेऊ नका. परसात बिंबलीचं झाड असेलच, नसेल तर शेजाऱ्याकडे असेल. बिंबलीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, म्हणूनच आपल्याकडे समया आणि तांबे तिने घासतात. बिंबल्या ठेचून नटबोल्ट आणि ब्रेकचे दांडे रात्रभर त्या रसात बुडवायचे. सकाळी तांबूस साका खाली बसलेला असतो आणि खालचं लोखंड करडं निघतं. धुवायचं, लगेच पुसायचं, उन्हात कडक वाळवून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर आपल्या हवेत दुपारपर्यंत पुन्हा लाली चढते. झाडाला फळ नसेल तेव्हा केमिकलच्या दुकानातून ऑक्झॅलिक आम्लाची पूड आणा. हँडल-रिमच्या क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की जातो.

पायडल जाम आहे म्हणजे बीबी उघडावीच लागणार, आणि त्यासाठी आधी कॉटर पिन काढायची, क्रँक म्हणजे पायडलचा दांडा अक्षाला पक्का धरते ती. इथे सायकलींच्या शोरूममध्ये जाऊ नका, तिथल्या पोरांनी कॉटर पिन पाहिलेली नसते. पदेराची सायकल जो दुरुस्त करतो तो मेस्त शोधा. पहाटे पाव घेऊन पोंपों करत फिरणारे अजून दणकट जुन्या घाटाच्या सायकली वापरतात, म्हणून गोव्यात त्यांचे सुटे भाग टिकून आहेत. आमच्या मेस्ताने आदल्या दिवशीच पिनवर तेल सोडून ठेवलं. नट पूर्ण काढला नाही, पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल केला, म्हणजे घाव आट्यांवर न येता नटासकट बसतो. क्रँकखाली पाण्याच्या लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकवला, पिनचं डोकं पाइपच्या पोकळीत, म्हणजे मार जमिनीत जातो, आतल्या छर्ऱ्यांवर नाही. आणि जड हातोडीचा एकच घाव. टकटक करत बसलात तर पिन वाकते आणि मग ड्रिलशिवाय गत नाही. नव्या पिनची सपाट बाजू कानशीने घासून बेताची करावी लागते, आणि दोन पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर पायडलं समोरासमोर राहत नाहीत.

त्यानंतर मेस्ताने नेहमीचा, हिरो-हर्क्युलिसला चालणारा नवा कप घेतला. दोनेक फेरे गेला आणि अडला. त्याने पान्ह्याला पाइप लावला तसा मी त्याचा हात धरला. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या बीबीला इंचात २६ आटे असतात, इतरांना २४. जोर केला असता तर फ्रेम गेली असती. मेस्त तापला, "म्हाका शिकयता?" मग जुना कप आणि नवा कप आट्याला आटा लावून उजेडात धरले. दोन-तीन आट्यांनंतर फट दिसायला लागली. त्याने नवा कप डब्यात टाकला आणि चहा सांगितला. जुनेच कप रॉकेलने धुऊन परत बसवले, छर्रे तेवढे नवे, पाव इंची, एका बाजूला ११. तुमच्याही सायकलचा एकही जुना कप-कोन मेस्ताच्या भंगारच्या डब्यात जाऊ देऊ नका.

टायरला अडचण नाही. २८ × १½ आपल्या साध्या काळ्या सायकलीचाच आकार, कुठेही मिळतो. टायरवर ६३५ आकडा हवा. हायब्रिडवाले २८ म्हणून देतात तो ६२२चा, तो बसत नाही. तीन गिअरचा हब उघडायच्या भानगडीत पडू नका. तेलाच्या भोकातून थोडं रॉकेल घालून चाक फिरवत राहा, आतला जुना डिंक सुटला की ओघळू द्या, मग चमचाभर इंजिन ऑईल. ग्रीस नाही.

पैशांचं म्हणाल तर टायर-ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, छर्रे, कॉटर आणि मेस्ताची मजुरी मिळून आमचं साडेतीन हजारांच्या आत भागलं. पाचातले उरतील ते स्पोकांसाठी ठेवा, चाकाचा आउट काढताना दोनचार तुटतातच. पावडर कोटिंगला दिलात तर मात्र निम्मे पैसे सायकल अडलेली असतानाच संपतील.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडा पॉलिश पेपर मारू नका, मुलं आसपास नकोत. ऑक्झॅलिक आम्लाची पूड विषारी आहे, हातमोजे घाला, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या तारा त्यात बुडवू नका. पुढच्या फोर्कला किंवा चेनजवळच्या नळ्यांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत गेला तर सगळं सोडा आणि खुशाल कुंडी ठेवा. गिअरची केबल नीट जुळली नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये पायडल अचानक मोकळं फिरतं आणि उभं राहून चढण मारणारा दांड्यावर आपटतो, म्हणून केबल जुळेपर्यंत बसूनच चालवा. पावसात स्टीलच्या ओल्या रिमवर दांड्याचे ब्रेक जवळजवळ नसल्यासारखेच, उतारावर तर नकोच. आणि तुमच्या सायकलचा मूळ रंग खरंच उरला नसेल, नळ्या उघड्या गंजत असतील, तर रंग द्यावाच लागेल. तेव्हा साधा काळा इनॅमल, ब्रशने, आटे कापडाने बंद करून.

सीटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मूळ चामड्याची असेल तर फेकू नका. खोबरेल तेलात न्हाऊ घालू नका, चामडं लिबलिबीत होतं. तडा गेलेली असेल तर पुढचा ताणाचा नट आवळू नका. आमची वाळवीने खाल्ली, म्हणून सध्या बाबांच्या सायकलवर फोमची सीट आहे आणि ती मला बघवत नाही. दादाच्या पिवळ्या सायकलवर मात्र काकीची ब्रूक्सची सीट अजून शाबूत आहे, कुंडीचं पाणी रोज तिच्यावर ठिबकतं.

दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. पाऊस लागायच्या आत ती सीट काढून दे, बदल्यात माझी फोमची घेऊन जा. तुझ्या पाहुण्यांच्या फोटोंत काही फरक पडायचा नाही. काकीला मी विचारलंय, ती हो म्हणाली.