स्कॉटलंडमध्ये ठिकरीला काय म्हणतात?

आपल्या ठिकरीच्या खेळात चौकटींतून सरकवतात त्या चपट्या दगडाला स्कॉट्स बोलीत 'पीव्हर' म्हणतात. ग्लासगोच्या फरशांवर दगडाऐवजी बूट-पॉलिशची रिकामी डबीही चाले. ती गुळगुळीत घसरते, म्हणून मुलींची लाडकी. खेळालाही पीव्हर म्हणतात, चौकटींवरून 'बेड्स'सुद्धा.

गोट्या म्हणजे 'बूल्स'. सागरगोट्यांसारखे उडवून झेलायचे खडे ते 'चकी-स्टेन्स'; 'स्टेन' म्हणजे दगड. लोखंडी चाक पळवायचे तर चाक 'गिर्ड' आणि त्याला ढकलणारी आकडेदार काठी 'क्लीक'.

मला सर्वांत आवडतो तो 'पीरी', म्हणजे भोवरा. पण शेटलंड-ऑर्कनी बेटांवर 'पीरी' म्हणजे 'छोटा', तेव्हा तिथे हा शब्द ऐकलात तर लगेच भोवरा शोधू नका.