जुन्या मोटरबोटीच्या सीट आणि सनडेक नाशिकमध्ये नव्याने करून मिळेल का? सुरुवात कुठून करावी?

मिळेल. नाशिकला समुद्र नसला तरी अंबड-सातपूरला फायबरचं काम करणारे आहेत, आणि गाड्यांच्या सीट शिवणारे तर गल्लोगल्ली. मी त्या शिवणाऱ्यांपैकीच. अधूनमधून बोटीची कामंही येतात. तुम्ही लिहिलंय की जुनी फायबरची बोट आहे, पेट्रोल इंजिन मागे आत बसवलेलं, त्याच्या झाकणावरच सनडेक, म्हणजे उन्हात आडवं व्हायची सपाट जागा. रेक्झिन फाटलंय आणि डेकवर पाय दिला की दबतं. रेक्झिनचा विचार सगळ्यात शेवटी करा. दबतंय ते आधी बघा.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतलं लाकूड बहुधा कुजलंय. कूज बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकांपासून आणि बिजागरीच्या आजूबाजूने सुरू होते. मऊ भाग कोरड्या लाकडापर्यंत कापून काढायचा. वरून फायबरचा एक थर मारून देतो म्हणणारा भेटेल, त्याला नमस्कार करून निघा.

नवीन प्लाय आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का बघूनच घ्या. दुकानदार ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणून 303 पुढे करतो, तो घरातल्या कपाटाला ठीक. सीटच्या तळाला 12 मिमी पुरतो. सनडेकलाही शक्यतो 12 मिमीच, खाली आडव्या पट्ट्या देऊन. कारण 18 मिमीचा आठ बाय चारचा एक पत्रा पस्तीस किलोच्या घरात जातो, आणि ते सगळं वजन मागे आणि उंचावर. प्लायच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी (हार्डनर मिसळून लावायचं, पाणी अडवणारं रेझिन), कडांना दोन हात जास्त, कारण पाणी कडेनेच शिरतं. स्क्रूचं भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि वाळल्यावर त्यात पुन्हा बारीक भोक पाडायचं. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच कारागीर ते टाळतो. तुम्ही शेजारी उभे राहा.

साधं पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, हार्डनर त्यानंतर. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत चिकटपणा राहतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले, फक्त थंडीच्या पहाटे रेझिन लावू नका.

इंजिनच्या झाकणाला हवा खेळायच्या ज्या जाळ्या असतील, त्या नव्या डेकखाली बुजवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या पोटात साचते. ती वाफ बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे जुना ब्लोअर, चालत नसेल तर त्याचे पैसे आधी काढा, गाद्यांचे नंतर.

आता गाद्या. फोमला प्लास्टिक गुंडाळून देतो असं बरेच जण सांगतात. शिलाईतून पाणी आत जातंच, मग ते बाहेर येत नाही आणि वास सुटतो. त्यापेक्षा प्लायला भोकं, गादीच्या खालच्या बाजूला जाळीचं कापड. पाणी झटकन सोडणारा जाळीदार फोम महाग पडतो. बजेट नसेल तर खाली पाणी न पिणाऱ्या ईव्हीए फोमचा थर आणि वर 40 डेन्सिटीचा साधा फोम. रेक्झिन बोटीसाठीचं, उन्हाला टिकणारंच मागा, गाडीचं लवकर तडकतं. रंग पांढरा किंवा क्रीम. नाशिकच्या मे महिन्यात काळ्या गादीवर उघड्या पायाने कोणी बसून दाखवावं. दोरा पॉलिएस्टरचा, सुती कुजतो. स्टेपल पिना स्टेनलेसच्या, नाहीतर गंजाचे डाग रेक्झिनवर उमटतात.

बिजागऱ्या आणि स्क्रू गंगापूर धरणासारख्या गोड्या पाण्यात 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे चालतात. बोट कधी अलिबागकडे न्यायचा विचार असेल तर खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं 316 आताच घ्या.

भाव विचारताना फायबरवाला आणि शिवणारा यांना एकाच दिवशी बोटीजवळ बोलवा. गादीची जाडी ठरल्याशिवाय डेकची उंची ठरत नाही, आणि हे दोघे वेगवेगळे आले की झाकण हमखास अडकतं.